किशोर गटातली मुलं तंत्रात पक्की, निर्णयात कच्ची: सराव कसा बदलायचा?

मध्यरेषा (धागालेखक)

नमस्कार मंडळी. किशोर गटाच्या, म्हणजे १६ वर्षांखालच्या कबड्डीबद्दल विचारायचं आहे. मुलांना पायटाच (पायाच्या बोटांनी स्पर्श) येतो, साइड किक येते, कोपऱ्याला, म्हणजे टोकाच्या बचावपटूला, घोटा धरता येतो, हात धरून केलेली साखळी सुटत नाही. सरावात बघत राहावं असा खेळ. सामना सुरू झाला की मात्र:

समोर पाचच बचावपटू, तरी पठ्ठ्या बोनसला जाणार. समोरच्याची तिसरी चढाई आहे (आधीच्या दोन रिकाम्या, म्हणजे बिनगुणाच्या; आता गुण नाही तर बाद), गुण आणायला तो स्वतःहून आत येणार आहे, तरी आमचा कोपरा पाचव्या सेकंदाला झेप घेणार. दोन गुणांची आघाडी, मिनिटभर उरलंय, आणि चढाईपटू बोनस रेषेपर्यंत घुसणार.

बाहेरून ओरडून सांगितलं की बरोबर करतात. म्हणजे अंगात आहे, डोक्यात वेळेवर येत नाही. खेळ वाचायला शिकवता येतं का? येत असेल तर सराव कसा लावायचा? ‘सामने खेळून येईल’ हे उत्तर नको. ते येईपर्यंत पोरं गटातून बाद होतात.

---

पंचकाका

आधी दुखणं कुठलं ते ठरवा. तीन वेगवेगळी असतात आणि बाहेरून सारखीच दिसतात.

सरावसामन्यात चढाई संपली रे संपली की मुलाला विचारा: समोर किती होते? कितवी चढाई होती? गुणफलक काय? उत्तर आलं नाही तर त्याला दिसलंच नव्हतं. उत्तर बरोबर आलं आणि तरी पाच जणांवर बोनसला गेला, तर नियम त्याच्या डोक्यात पक्का नाही. सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस, हे पाठ असणं आणि धावताना आठवणं यात फरक आहे. आणि सगळं ठाऊक असून पाय भलतीकडे गेला, तर ती दडपणाची किंवा तंत्राची गोष्ट.

पहिल्याला मोजायला शिकवा, दुसऱ्याला नियम खेळवून शिकवा, तिसऱ्याला दडपणात सराव द्या. तिघांना एकच औषध दिलंत तर दोघे तसेच राहतील.

---

मातीतला

मला हे निर्णय-बिर्णय प्रकरण फार लवकर वाटतं. १४-१५ वर्षांच्या पोराला आधी पायातली हालचाल द्या, दम द्या, पकडीत ताकद द्या. ज्याला कंबरपकड सुटू न देता धरता येत नाही त्याने ‘आता डॅश मारू (धक्का देऊन बाहेर काढू) की ब्लॉक (वाट अडवू)’ याचा विचार करून काय उजेड पाडायचा? तंत्र हाडात गेलं की निर्णय आपोआप येतो. जुन्या लोकांना कोणी परिस्थितीचे तक्ते दिले नव्हते.

---

खालची_आळी

बाहेरून ‘बोनस! बोनस!’ ओरडणाऱ्या पालकांना आधी सहापर्यंत मोजायला शिकवा. अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. 😄

---

उजवा_कोपरा

मातीतला, जुन्या लोकांबद्दलचं म्हणणं अर्धं पटतं. त्यांना तक्ते नव्हते, पण संध्याकाळभर गल्लीत तीन विरुद्ध चार, पाच विरुद्ध दोन असं खेळायला मिळायचं. निर्णयाचा सराव तोच होता, फक्त कोणी त्याला सराव म्हणत नव्हतं. आता मुलं थेट क्लबात येतात आणि दीड तासातला बहुतेक वेळ रांगेत उभं राहून एकेक कृती करतात.

त्या रांगेत काय होतं बघा. चढाईपटू आत जातो, समोर एक कोपरा स्थिर उभा. कोपऱ्याला माहीत आहे की पायटाच येणार, चढाईपटूला माहीत आहे की हा झेप घेणार नाही. निवडायला काही उरतच नाही. शंभर वेळा केलं तरी ‘कधी’ हा भाग एकदाही आला नाही. मग सामन्यात तो येईल कुठून?

तंत्र नको असं नाही. प्रत्येक तंत्राला समोर एक प्रश्न जोडायचा. कृती तीच ठेवा, फक्त बचावपटूला दोन पर्याय द्या आणि कुठला करायचा ते त्याच्या कानात सांगा.

उदाहरण पायटाचचं. कोपरा आणि इन (कोपऱ्याशेजारचा बचावपटू) ही जोडी उभी करा. चढाईपटूने पाठ फिरवलेली असताना कोपऱ्याला बोटांनी खूण करा. एक बोट म्हणजे पुढे येऊन घोट्याला झेप, दोन बोटं म्हणजे मागे सरकून जागा सोडायची. चढाईपटूने कोपऱ्याच्या टाचा बघायच्या. टाचा उचललेल्या, वजन चवड्यावर, खांदे गुडघ्यांच्या पुढे, म्हणजे हा येणार. तेव्हा पायटाचचा नुसता झोल दाखवून पाय मागे, आणि तो आडवा झाला की हाताने स्पर्श करून परत. टाचा टेकलेल्या, कंबर मागे, म्हणजे हा सरकणार. तिथे पायटाचचा अंतराचा अंदाज चुकतो, सोडून द्यायचं आणि दुसऱ्या बाजूला जायचं.

दहा-बारा फेऱ्या पुरतात. त्यापुढे मुलं खुणेचा अंदाज बांधायला लागतात आणि टाचा बघणं सोडतात.

---

मध्यरेषा

टाचांचं लक्षात आलं. बचावाच्या बाजूने असंच काय बघायला सांगायचं? आमचा खरा गोंधळ कोपऱ्याचा आहे.

---

उजवा_कोपरा

चढाईपटूचा पाय हवेत परत जात असताना झेप घेतली की हातात वारा येतो. तो पाय टेकला आणि त्यावर वजन आलं की क्षणभर तो पाय त्याला उचलता येत नाही. घोटा तेव्हा. त्यामुळे कोपऱ्याने चेहरा बघायचा नाही, हातही बघायचे नाहीत, कारण झोल तिथेच असतो. कंबर आणि जवळचा पाय बघायचा. कंबर खोटं बोलत नाही, मध्यरेषेकडे वळली की तो परतीला निघाला.

कव्हरची, म्हणजे इनच्या आतल्या बाजूच्या बचावपटूची, खूण वेगळी. चढाईपटू लांबच्या कोपऱ्याकडे बघतोय आणि त्याची पाठ किंवा खांदा कव्हरकडे आहे, शिवाय तो बाजूच्या रेषेजवळ आहे, तर डॅश. मैदानाच्या मधोमध डॅश मारला तर तो बाहेर न जाता फक्त पुढे ढकलला जातो, कधी कधी तर मध्यरेषेकडेच. आपणच त्याला घरी पोचवतो.

अजून एक. साखळीत निर्णय एकाने घ्यायचा. कोपरा आणि इन दोघेही ठरवायला लागले की एक पुढे, एक मागे आणि साखळी ताणून सुटते. साधारणपणे इनने पंजा दाबला की जायचं, असं ठरवून ठेवा. तोंडाने बोललं की समोरच्यालाही कळतं.

---

पाटीवरून_उठलेला

खो-खोवाला मध्येच घुसतोय, माफी असावी. आमच्याकडे हाच आजार ‘उशिरा खो की लवकर खो’ या रूपात येतो.

खो-खोत नियमच निर्णयाला धार देतो. धावणाऱ्या आक्रमकाला उलट दिशेने परत फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही, दिशा बदलायची तर खांबापर्यंत जावं लागतं. म्हणून पळतीचा खेळाडू पाय बघत नाही, खांदा बघतो. बसलेल्याला खो मिळाला आणि त्याचा खांदा एका बाजूला वळला की दिशा ठरली, आता त्याला माघार नाही. पळणाऱ्याने त्यानंतर निघायचं. आधी निघालात तर तो दुसरीकडे वळतो.

सराव असा. पूर्ण मैदान नको, चारच पाट्या, चार बसलेले, एक धावणारा, एक पळणारा, वेळ ३० सेकंद. मैदान लहान असल्यामुळे दर दोन-तीन सेकंदांनी निर्णय येतो. पूर्ण मैदानात एक पळती चांगली रंगली तरी बाकीचे आठजण नुसते बसून असतात.

---

पंचकाका

हा मुद्दा उचलण्यासारखा आहे. कबड्डीतही सात विरुद्ध सातच्या सरावसामन्यात एकेका मुलाला चढाई किती वेळा मिळते? ज्याचं नाव मोठं तोच जातो, बाकीचे साखळीत लटकलेले. तीन विरुद्ध तीन, चार विरुद्ध तीन असे डाव लावा, चढाईची वेळ ३० ऐवजी २० सेकंद. तिघांचा डाव लावलात की आपोआप अव्वल पकडीची परिस्थितीही तयार होते, कारण तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर एक जादा गुण.

रुंदी मात्र कमी करू नका. काही प्रशिक्षक तिघांसाठी मैदान अरुंद करतात, मग डॅशची आणि बाजूच्या रेषेची अंतरं बिघडतात. रुंदी तीच, माणसं कमी.

---

मातीतला

तीन विरुद्ध तीन ठीक आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण किशोरांना १५-१५ मिनिटांच्या सामन्यात सतरा खुणा बघायला लावल्या तर पोरगं मध्यरेषेवरच थिजून उभं राहील. विचार करणारा चढाईपटू बघितलाय का कधी? दम चालू, पाय बंद.

---

कागदोपत्री

मातीतला यांची ही भीती रास्त आहे आणि तिला अभ्यासाचाही आधार आहे. पर्याय वाढतात तसा प्रतिसादाला लागणारा वेळ वाढतो, हे हिकने १९५२ मध्येच दाखवलं. जॉन्सन आणि राब यांनी २००३ मध्ये हँडबॉलच्या तरुण खेळाडूंना खेळाची चित्रफीत थांबवून विचारलं की इथून काय काय करता येईल. बहुतेक वेळा पहिल्यांदा सुचलेले पर्याय नंतर सुचलेल्यांपेक्षा सरस होते. यादी लांबवून फायदा झाला नाही.

तेव्हा मुलाला मैदानात जास्त विचार करायला लावायचं नाही. पहिला सुचणारा पर्यायच बरा असावा, यासाठी सराव. एका परिस्थितीला दोनच पर्याय द्या आणि एकच खूण. ‘साखळी बांधलेली आहे का?’ हो तर बाहेरून हाताने, नाही तर दोघांच्या मधल्या फटीत. महिनाभर तेवढंच.

दुसरी बाजूही सांगतो. बंकर आणि थॉर्प यांनी १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या लफबरोमधून मांडलेली पद्धत ‘आधी खेळ, मग तंत्र’ अशी होती, म्हणजे मुलाला गरज पडली की तंत्र शिकवायचं. कबड्डीला ती जशीच्या तशी लावायला मी धजणार नाही. इथे चुकीच्या पकडीने गुडघा जातो, मान जाते. पकडींचं तंत्र आधीच हवं. चढाईला मात्र ती पद्धत छान लागू पडते.

---

खालची_आळी

दम चालू पाय बंद 😂 हे टी-शर्टवर छापा.

---

लाल_मॅट

वर अजून कोणी बोललं नाही ते सांगते. सराव मातीवर आणि स्पर्धा मॅटवर असेल तर निम्मे ‘चुकीचे निर्णय’ हे चुकलेले अंतराचे अंदाज असतात. मॅटवर बूट धरून ठेवतो, माणूस जागच्या जागी थांबतो आणि वळतो. मातीवर पाय थोडा घसरत थांबतो. मातीवर ज्या अंतरावरून कोपरा पोचत नाही, त्याच अंतरावरून मॅटवर पोचतो. मुलगा म्हणतो ‘मला वाटलं नाही येईल’, आणि तो खरंच सांगत असतो. स्पर्धेआधी आठवडाभर तरी मॅट मिळवा, एखादी शाळा किंवा संकुल संध्याकाळचा तास देतं. नाहीच मिळाली तर पहिल्या दोन चढाया निदान रेषा (प्रत्येक चढाईत ओलांडावीच लागते ती) ओलांडून अंतर जोखण्यासाठीच ठेवायच्या, हे ठरवून उतरा.

आणि मुलींच्या संघांना मैदान लहान असतं. मोठ्या पुरुष गटाचे १३ बाय १० मीटरचे सामने बघून अंतरं शिकवली की त्या बोनस रेषेकडे अर्धं पाऊल जादा टाकतात.

---

डुबकीप्रेमी

प्रो कबड्डीवाल्या प्रदीप नरवालची डुबकी कधी शिकवायची मग? सगळ्या पोरांना तेच हवंय.

---

उजवा_कोपरा

डुबकी हा निर्णयाचाच धडा आहे म्हणून उत्तर देतो. डुबकी चालते ती साखळी उभी राहिल्यावर, बचावपटूंचे हात जोडलेले आणि खांद्याच्या उंचीला असताना. त्यांच्या हाताखालून जायचं असतं. पोरं काय करतात? साखळी यायच्या आत, समोर एकटा कव्हर वाकून उभा असताना खाली शिरतात. तो नुसता वरून बसतो, संपलं. नरवालने २०१७ च्या हंगामात ३६९ चढाई गुण केले. त्यातली डुबकी सगळ्यांना आठवते, त्याआधी बचाव गोळा होईपर्यंत थांबणं कोणी बघत नाही.

किशोरांना शिकवायचीच तर एका अटीवर: समोर किमान दोघांचे हात जोडलेले दिसल्याशिवाय डुबकी मारली तर त्या डावात चढाई बंद. आणि मान आत, हनुवटी छातीला. हे पक्कं झाल्याशिवाय साखळीवर नको, आधी आडव्या धरलेल्या दोरीखालून.

---

मध्यरेषा

छान चाललंय. शेवटच्या मिनिटाच्या गोंधळावर कोणी बोलेल का? ‘आघाडी असताना शांत खेळ’ असं सांगितलं की मुलं मध्यरेषेवर नुसती नाचतात आणि निदान रेषा न ओलांडता परत येतात. म्हणजे फुकट बाद.

---

पंचकाका

‘शांत खेळ’ ही सूचनाच नव्हे. मुलाला त्यातून कृती कळत नाही. सूचना अशी हवी: ‘निदान रेषा ओलांड, २५ व्या सेकंदाला परतीला लाग.’

आता एक प्रसंग खोलात मांडतो, तो चिठ्ठीवर लिहून खेळवा.

आपण २ गुणांनी पुढे. ५५ सेकंद बाकी. चढाई आपली, आधी एकही रिकामी चढाई नाही. मैदानात आपले तिघे.

चढाईपटूने निदान रेषा ओलांडून २८ व्या सेकंदाला परत यायचं. उरले २७. समोरचा येतो. सुरू झालेली चढाई वेळ संपली तरी पूर्ण होऊ देतात, त्यामुळे त्याला पूर्ण ३० सेकंद मिळाले असं धरा. आता आपल्या तिघांनी काय करायचं?

पोरांचं उत्तर ठरलेलं: ‘तिघे आहोत, अव्वल पकड, दोन गुण!’ इथेच सामना जातो. तिघे त्याच्यावर पडले आणि तो निसटून मध्यरेषेला लागला तर ३ गुण, वर लोणाचे (अख्खा संघ बाद केल्याचे) २. एका चढाईत ५, आणि दोनची आघाडी मागे पडून तीनचा पराभव. उलट तिघे पांगून मागे राहिले आणि एकाला हात लागला तर १ गुण, आपण अजून १ ने पुढे. तिघांवर बोनस नाही. म्हणजे इथे पकड करायचीच नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या: मागे सरकताना अंतिम रेषेबाहेर पाय जाऊ द्यायचा नाही आणि स्पर्श झालेला नसताना बाजूच्या राखीव पट्ट्यात शिरायचं नाही. दोन्हीत फुकट गुण जातो.

आता हाच प्रसंग थोडा बदला. समोरच्याने सहा सेकंदात एकाला हात लावला आणि परत गेला. २० एक सेकंद उरले, आघाडी १, चढाई आपली. आता आपला चढाईपटू पकडला गेला तर बरोबरी, निदान रेषा न ओलांडता आला तरी बाद, म्हणजे पुन्हा बरोबरी. रेषा ओलांडायची, पण साखळीच्या समोरून नको, जिथे एकटा बचावपटू आहे त्या बाजूने.

दुसरा बदल: सगळं पहिल्यासारखंच, पण आपल्या दोन चढाया आधीच रिकाम्या गेल्यात. आता वेळ काढला तर चढाईपटू बाद आणि समोरच्याला गुण. उरले दोघे आणि आघाडी १. तेव्हा पहिल्या दहा सेकंदात गुण शोधायचा.

तीन चिठ्ठ्या, आकडे जवळपास सारखे, उत्तरं वेगळी. मुलांना एवढं कळलं की ‘आघाडीवर शांत’ हे सूत्र ती स्वतःच फेकून देतात.

---

लाल_मॅट

पंचकाकांचा प्रतिसाद छापून भिंतीला लावावा असा आहे. एक पुरवणी: चिठ्ठी दोन्ही संघांना द्यायची नाही. खेळणाऱ्या संघाला गुणफलक आणि वेळ दाखवायची, बाकी मुलांनी मोजायचं. कितवी चढाई ते तर अजिबात सांगायचं नाही. सरावात प्रशिक्षकच मोठ्याने ‘तिसरीऽऽ’ म्हणून ओरडतो आणि मुलं मोजायचं सोडून देतात.

---

पाटीवरून_उठलेला

मोजण्याची सवय लावायला एक साधी युक्ती. चढाईला निघताना मध्यरेषेपाशी मुलाने तीन गोष्टी पुटपुटायच्या: समोर किती, कितवी, फरक किती. ‘सहा, दुसरी, मागे तीन.’ दम सुरू करायच्या आधी. आमच्याकडे पळतीला उतरणारी तुकडी उरलेला वेळ असाच म्हणते.

---

मातीतला

हे पुटपुटणं मला आवडलं. पंचकाकांची चिठ्ठीही आवडली. तरी एक शंका आहेच. निर्णय बरोबर पण पाय लागला नाही, गुण गेला. निर्णय चुकीचा, पण समोरचा गाफील होता, गुण मिळाला. पोरगं शिकणार काय? गुण मिळाला म्हणजे बरोबर, एवढंच.

---

कागदोपत्री

म्हणूनच निकाल आणि निवड वेगवेगळी लिहायची. बाहेर बसलेल्या राखीव खेळाडूंपैकी एकाच्या हातात वही द्या. चार रकाने: परिस्थिती, निवड, अंमल, निकाल. ‘५ बचावपटू, पहिली / पायटाच डाव्या कोपऱ्याला / पाय पोचला नाही / रिकामी.’ निवडीला खूण बरोबरची, अंमलाला चुकीची. सामना संपल्यावर गुणांची बेरीज करायची नाही, निवडीच्या खुणा मोजायच्या. ज्याच्या निवडी बरोबर आणि अंमल कच्चा, त्याला मातीतला यांच्याकडे तंत्राला पाठवा. ज्याचा अंमल पक्का आणि निवडी कच्च्या, तो पंचकाकांकडे.

वही लिहिणाऱ्या राखीव मुलाचा खेळ सगळ्यात जास्त सुधारतो, हा वरचा नफा.

---

चौथी_सीट

मोबाइलवर सामने टिपून दाखवतो तेव्हा मुलं स्वतःचे केस बघतात. याचा काही उपयोग होतो का खरंच?

---

लाल_मॅट

होतो, दोन गोष्टी पाळल्या तर. एक, मोबाइल गॅलरीत किंवा बाजूच्या रेषेवर नको. तिथून जे दिसतं ते चढाईपटूला कधीच दिसत नाही. त्याच्या मागे, मध्यरेषेपलीकडे आपल्या बाजूला, छातीच्या उंचीवर तिपाई ठेवा. सामन्यात पंच ठेवू देणार नाहीत, सरावात ठेवा. बचावासाठी टिपायचं असेल तर अंतिम रेषेच्या मागून.

दोन, पूर्ण चढाई दाखवू नका. चढाईपटूने निदान रेषा ओलांडली, कोपरा हलायच्या बेतात आहे, तिथे थांबवा आणि पडदा उपडा करा. दोन सेकंदात मुलांनी बोटाने दाखवायचं: हात, पाय की परत. मग पुढचं दाखवा. एका वेळी आठ-दहा तुकडे, त्यापुढे लक्ष उडतं. आणि मुलाच्या स्वतःच्या फजितीचे तुकडे सगळ्यांसमोर नकोत, नाहीतर उद्यापासून तो सुरक्षित तेवढंच खेळेल.

---

खालची_आळी

केस बघणाऱ्यांसाठी टोपी सक्तीची करावी.

---

उजवा_कोपरा

आता प्रशिक्षकाच्या तोंडाबद्दल. मध्यरेषा यांनी सुरुवातीला लिहिलंय की ‘बाहेरून ओरडून सांगितलं की बरोबर करतात’. तो इलाज वाटत असला तरी दुखणं तिथूनच वाढतं. मुलगा बाहेरच्या आवाजाची वाट बघायला शिकतो. स्पर्धेत गर्दीत आवाज पोचत नाही आणि पोचला तर सेकंदभर उशिरा.

सरावसामन्यात प्रशिक्षकाला दोनच वेळा ‘थांब’ म्हणता येईल, असा नियम करा. तो झटापट सुरू असताना वापरायचा नाही, अर्धवट धरलेला माणूस अचानक सोडला की पाय मुरगळतो. मान अडकली असेल तर अर्थातच लगेच शिट्टी. थांबवल्यावर ‘असं का केलंस?’ विचारू नका, मुलगा सफाई द्यायला लागतो. ‘काय दिसलं?’ विचारा. दिसलेलं सांगता सांगता चूक त्याच्याच लक्षात येते.

---

मध्यरेषा

हे पटलं, जरा कठीण जाणार आहे इतकंच. दीड तासाच्या सरावात या सगळ्याची मांडणी कशी करायची? आठवड्यातून चार दिवस मिळतात, १६ मुलं.

---

पंचकाका

१५ मिनिटं अंग गरम, त्यातच आकडे ओरडून गट करायचा शिवाशिवीचा खेळ, म्हणजे मोजणं तिथपासून सुरू. २५ मिनिटं तंत्र, पण उजवा कोपरा म्हणतात तसं समोर दोन पर्यायवाला बचावपटू ठेवून. पकडींचं तंत्र यातच, वजनाने जोड्या जुळवून. ३५ मिनिटं चिठ्ठीचे डाव: १६ मुलांचे चार गट करा, दोन खेळतात, एक वही लिहितो, एक पंचगिरी करतो. पंचगिरी करणाऱ्याला नियम जितके पक्के होतात तितके भाषणाने होत नाहीत. एक चिठ्ठी तीनदा खेळवा, बाजू बदलून, म्हणजे तोच प्रसंग चढाईकडून आणि बचावाकडून दोन्ही दिसतो. शेवटची १५ मिनिटं अंग सैल करणं आणि वही.

चार दिवसांतला एक दिवस पूर्ण सात विरुद्ध सात, १५-५-१५, गुणफलक आणि घड्याळासकट, तुम्ही गप्प. वेळ मागायचा अधिकार कर्णधाराचा. प्रत्येक डावात ३० सेकंदांचे दोन, कधी वापरायचे ते त्यानेच ठरवावं.

थकवा सुरुवातीला आणू नका. पहिला महिनाभर डोकं ताजं असताना निवडी पक्क्या होऊ द्या, मग चिठ्ठीच्या आधी २० मीटरच्या चार-पाच येरझाऱ्या घाला. सामन्याचा शेवट थकलेल्या पायांनीच येतो.

---

मातीतला

२५ मिनिटं तंत्राला ठेवलीत म्हणून बोलत नाही, पण पंचकाका, एक धोका लिहून ठेवा. चिठ्ठीच्या डावात गुणांची आमिषं वाढवू नका. ‘पायटाचला दुप्पट गुण’ असले नियम लावले की मुलं पायटाच शोधत बसतात, समोर काय आहे ते बघत नाहीत. सामन्यात जेवढे गुण तेवढेच सरावात.

---

कागदोपत्री

+१. आणि तीच चिठ्ठी महिनाभर वापरली की मुलं उत्तर पाठ करतात, परिस्थिती वाचत नाहीत. आकडा एकच बदला. तीनऐवजी चार बचावपटू केलेत तरी अव्वल पकड गेली, सगळं गणित बदललं.

---

मध्यरेषा

या आठवड्यासाठी सहा चिठ्ठ्या केल्यात, बघून सांगा:

१. मागे ४, ३ मिनिटं, समोर ७, पहिली चढाई.
२. बरोबरी, ४० सेकंद, समोर ६, तिसरी चढाई.
३. पुढे २, ५५ सेकंद, आपले ३, पहिली. (पंचकाकांची)
४. मागे १, २० सेकंद, समोर १, दुसरी.
५. पुढे ६, ५ मिनिटं, आपले २, बचाव.
६. मागे २, १ मिनिट, आपले ५, समोरच्याची तिसरी, बचाव.

---

पंचकाका

दुसरीवर मजा येईल. समोर सहा म्हणजे बोनस खुला, आणि तिसऱ्या चढाईत बोनसही गुणच आहे. पोरं स्पर्शाच्या मागे धावतील, बोनस कोणाला सुचतो ते वहीत टिपा. मात्र तोच प्रसंग मागे १ असा खेळवलात तर नुसत्या बोनसने बरोबरीच होते आणि बोनसने आपला कोणी जिवंतही होत नाही, तेवढं लक्षात घ्या.

चौथीत समोरचा एकटा बाद झाला की १ अधिक लोणाचे २. तो एकटा अंतिम रेषेला चिकटून उभा राहणार. तेव्हा बचाव करणाऱ्या मुलालाही वेगळी सूचना द्या, नाहीतर तो हौसेने पुढे येईल आणि चिठ्ठी वाया जाईल.

---

उजवा_कोपरा

सहावीत तुमच्या कोपऱ्याची परीक्षा आहे. मागे २, पण समोरच्याला यावंच लागणार. पहिले १५ सेकंद कोणी झेप घ्यायची नाही, असं सांगू नका. नुसतं बघा कोण घेतो.

---

मध्यरेषा

पाचवीत ‘आपले २’ ऐवजी ‘आपले ४’ अशी जोडचिठ्ठी करतो. सोमवारी दोन्ही खेळवतो आणि वही इथे टाकतो.

---

डुबकीप्रेमी

दोरी कुठली घ्यायची, सुती की नायलॉन?

---

उजवा_कोपरा

सुती. आणि दोन्ही टोकं हातात धरायची, खांबाला बांधायची नाही.